टीव्हीसमोरचा टेनिस : घरात हलतं कोण, बसतं कोण?

"ताई, हातात रिमोट धरून टीव्हीसमोर टेनिस खेळायचा गेम असतो ना, तो घेतला तर पोरगा जागचा हलेल का?" हा प्रश्न वस्तीत आम्हाला आता विचारला जातो. कुणाला कामाच्या घरून जुने यंत्र मिळालेले असते, कुणाच्या मुलाने ते मॉलमध्ये पाहिलेले असते, तर कुणी हप्त्यावर घ्यायच्या विचारात असते. याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही, म्हणून ते इथे नीट मांडत आहोत.

यंत्राला काय कळते?

जपानच्या निन्टेंडो कंपनीने २००६ साली 'वी' नावाचे यंत्र बाजारात आणले. बहुतेक देशांत त्याच्यासोबतच 'वी स्पोर्ट्स' हा गेम मिळत असे. टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि बॉक्सिंग असे पाच खेळ त्यात होते. रिमोट रॅकेटसारखा फिरवला की पडद्यावरचा खेळाडू चेंडू मारतो. या गेमच्या ८ कोटींहून अधिक प्रती खपल्या. अमेरिकेत तर वृद्धाश्रमातले आजी-आजोबाही त्यावर बोलिंग खेळू लागले. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचे 'किनेक्ट' आले. त्यात हातात काहीच धरायचे नसते, कॅमेरा आपले अंग पाहतो. २०२२ मध्ये 'निन्टेंडो स्विच स्पोर्ट्स' आला.

रिमोटमधल्या सेन्सरला हात किती जोरात आणि कोणीकडे हलला ते कळते. पाय हलले की नाही, हे त्याला कळत नाही. म्हणून खाटेवर बसून नुसते मनगट झटकले तरी टेनिसचा सामना जिंकता येतो. मुलांना ही युक्ती दोन दिवसांत सापडते, आणि मग अंग बसलेलेच राहते.

अभ्यासांत काय दिसले?

इंग्लंडमधील संशोधकांनी १३ ते १५ वर्षांच्या ११ मुलामुलींना हे खेळ खेळायला लावून त्यांची किती ऊर्जा खर्च होते ते मोजले. २००७ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. बसून खेळायच्या गेमपेक्षा इथे निदान ५१ टक्के जास्त ऊर्जा खर्च झाली. पण खरा टेनिस किंवा खरे बॉक्सिंग खेळताना होते त्यापेक्षा ती बरीच कमी होती.

अमेरिकेत ९ ते १२ वर्षांच्या मुलांना असे यंत्र घरी देऊन १३ आठवडे पाहिले गेले. काहींना हालचालीचे गेम दिले, काहींना बसून खेळायचे. दोन्ही गटांच्या एकूण हालचालीत फरक पडला नाही. म्हणजे यंत्र घरात आले म्हणून मूल आपोआप जास्त हलत नाही.

लकवा झालेल्या माणसांच्या घरी तर या यंत्राबद्दल फार आशा असते. म्हणून हा तिसरा अभ्यास महत्त्वाचा. चार देशांतल्या १४ रुग्णालयांत लकव्यानंतर हात कमजोर झालेल्या १४१ रुग्णांवर तो झाला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचाराबरोबर काहींना 'वी'वर खेळायला दिले. इतरांना पत्ते, बिंगो, ठोकळे रचण्याचा खेळ असे साधे खेळ दिले. दोन्ही गटांचे हात सुधारले आणि सुधारणा जवळपास सारखीच होती. आपल्यासाठी याचा अर्थ असा, की महागडे यंत्र घेता आले नाही म्हणून आपल्या माणसाचे नुकसान झाले, असे मनात आणू नका. फिजिओथेरपिस्टने सांगितलेला व्यायाम चुकवू नका, आणि त्याच्या जोडीला पत्ते, कॅरम, सागरगोटे असे जे जमेल ते रोज खेळा.

अति केले तर दुखतेही. स्पेनमधल्या एका २९ वर्षांच्या डॉक्टरचा उजवा खांदा 'वी'वर तासन्‌तास टेनिस खेळून दुखावला. त्या दुखण्याला त्याने गमतीने गेमचेच नाव दिले. आठवडाभर गोळ्या आणि खेळ बंद, एवढ्यावर तो बरा झाला.

रिमोट कुणाच्या हातात?

आता घरात पाहू. यंत्र आले की रिमोट आधी मुलाकडे जातो, मग त्याच्या बापाकडे. मुलगी बघत बसते, आई भाकरी थापत असते. पाळी सुरू झाली की अनेक मुलींचे मैदान सुटते. "आता मोठी झालीस" एवढे बोलणे पुरते. अशा मुलीला घरात, दार लावून का होईना, घाम येईपर्यंत खेळता आले तर ते लहान नाही. म्हणून पाळीची यादी भिंतीवर लावा आणि त्यात आई, मुलगी, आजी यांची नावे लिहा.

"बाई दिवसभर राबते, तिला खेळ कशाला?" असे म्हटले जाते. धुणीभांडी, पाणी भरणे ही हालचालच आहे, तिचा हिशेब झालाच पाहिजे. पण त्यात तीच कंबर, तेच गुडघे वर्षानुवर्षे झिजतात. तोल सांभाळणे, हात डोक्यावर नेणे, आणि हसणे हे त्या कामात मिळत नाही. शुगर असलेल्या बायकांचे खांदे आखडलेले आम्ही नेहमी पाहतो. त्यांनी हा खेळ हळूहळू, दुखणार नाही इतपतच खेळावा.

खेळणार असाल तर

• उभे राहूनच खेळायचे, हा घरचा नियम करा. पाय हलले पाहिजेत.
• खेळताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका दम लागला तर व्यायाम होतो आहे असे समजा.
• जागा आधी पाहा. किनेक्टला एका माणसासाठी टीव्हीपासून सुमारे ६ फूट आणि दोघांसाठी ८ फूट अंतर लागते. दहा बाय दहाच्या खोलीत शेगडी, पोटमाळ्याची कड, खाली लावलेला पंखा आणि रांगते मूल यांची काळजी घ्या.
• रिमोटचा पट्टा मनगटात घाला. सुरुवातीला रिमोट हातातून सुटून टीव्हीवर आदळू लागले, तेव्हा कंपनीने जवळपास ३२ लाख पट्टे बदलून देऊ केले होते.
• चटईवर किंवा ओल्या फरशीवर खेळू नका.
• एका वेळी २० ते ३० मिनिटे पुरे. हात बदलत राहा.
• इन्सुलिन घेणाऱ्यांनी जवळ साखर ठेवावी. छातीत दुखले, चक्कर आली तर लगेच थांबावे आणि दवाखाना गाठावा. फिट येणाऱ्या व्यक्तीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय खेळू नये.

यंत्र नसेल तर

जागतिक आरोग्य संघटना सांगते, ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे आणि मोठ्यांना आठवड्यात निदान १५० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी. ६५ वर्षांपुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत. यात यंत्राचा उल्लेख कुठेच नाही. दोरीच्या उड्या, लगोरी, लंगडी, फुगडी, कबड्डी यांनी हा हिशेब पुरा होतो.

म्हणून मिळालेले यंत्र असेल तर आनंदाने खेळा, पण त्यासाठी कर्ज काढू नका. त्याऐवजी पुढच्या बैठकीत एक मागणी मांडा : संध्याकाळचा एक तास विहाराचे अंगण मुलींना आणि बायांना खेळायला मोकळे ठेवा. ती मागणी मान्य झाली की आम्हाला कळवा. पहिल्या दिवशी आम्ही दोरी घेऊन येऊ.