नायलॉनचा बुश का फसतो?

यंत्रात शाफ्ट ज्यात फिरतो तो बुश गनमेटलच्या जागी नायलॉनचा दिसला की मालकाने पैसे वाचवले, असं सर्रास म्हटलं जातं. मऊ ते लवकर झिजणार, हे त्यामागचं गृहीत. पण झीज नुसत्या कठीणपणावर ठरत नाही. वंगण आटलं की धातू धातूला चिकटतो आणि कण ओरबाडून निघतात. नायलॉन किंवा डेल्रिनसारखं प्लॅस्टिक पोलादी शाफ्टवर कोरडंसुद्धा बराच काळ फिरतं. शाफ्ट मात्र गुळगुळीत हवा. खरखरीत असेल तर तो कानशीसारखा बुश खातो.

निसरडं ते टिकाऊ, हा समज याहून घातक. त्याची किंमत रुग्णांनी मोजली आहे. इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्न्ली यांनी १९५०च्या दशकाअखेरीस कृत्रिम खुब्यासाठी टेफ्लॉनची वाटी वापरली. इतका निसरडा घन पदार्थ क्वचितच सापडतो. तरीही पोलादी गोळ्याशी घासून त्या वाट्या काही वर्षांतच झिजल्या, भुकटीमुळे भोवतीच्या ऊतींना इजा झाली, रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. १९६२ मध्ये अतिशय लांब रेणूसाखळ्यांचं पॉलिथिन त्यांच्यासमोर आलं. चार्न्लींना त्यात राम वाटला नाही. त्यांचे सहायक हॅरी क्रेव्हन यांनी मात्र ते चाचणीयंत्रावर चढवलं. टेफ्लॉन एका दिवसात झिजे, तेवढंही ते तीन आठवड्यांत झिजलं नाही! त्याच वर्षी नोव्हेंबरपासून चार्न्ली त्याच्या वाट्या रुग्णांना बसवू लागले. त्याच पॉलिथिनच्या सुधारित वाट्या आजही वापरात आहेत.

आपल्याकडे नायलॉन बदनाम होतं ते बहुधा टर्नरच्या दुकानात. गनमेटलचा जुना बुश पुढे ठेवून ‘अगदी याच मापाचा नायलॉनमध्ये काढा’ असं सांगितलं जातं. पण नायलॉन पाणी शोषून फुगतं. पूर्ण भिजलं तर वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास पाणी घेतं. तापल्यावर ते पोलादाच्या सात-आठ पट प्रसरण पावतं, आणि उष्णता मात्र त्याच्या सुमारे दोनशेव्या भागानेच वाहून नेतं. म्हणजे घर्षणाची उष्णता तिथेच कोंडते, बुश शाफ्टला आवळतो, आणखी तापतो आणि शेवटी वितळतो. फिटर म्हणतो, ‘झिजला.’

म्हणून गनमेटलपेक्षा जास्त क्लिअरन्स ठेवावा आणि बुशाची जाडी कमी. पाण्यात चालणाऱ्या भागाला डेल्रिन घ्यावं, ते फारच कमी फुगतं. भार आणि वेग दोन्ही मोठे असतील, तिथे गनमेटलच राहू द्यावं.