‘छान झाली’ म्हणजे नेमकं काय झालं?

अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्या मुलांच्या प्रकल्प-अहवालात ‘प्रेक्षकांचा अभिप्राय’ नावाचं प्रकरण बहुधा सगळ्यात शेवटी येतं आणि सगळ्यात घाईत लिहिलेलं असतं. एक रंगीत गोल आलेख, त्याखाली ‘बहुसंख्य प्रेक्षकांना जाहिरात आवडली’ अशी ओळ, की संपलं. ज्या मुलांनी एकेक हालचाल जुळवण्यासाठी रात्री जागवल्या, त्यांच्या कामाला एवढाच प्रतिसाद मिळावा, हे मला पटत नाही. या प्रकरणाची अशी दशा होते, कारण अभिप्रायाबद्दल काही पक्के गैरसमज आपल्या वर्गांतून वर्षानुवर्षं चालत आले आहेत.

एक उदाहरण धरून चालू. समजा, चितेगावातल्या काही मुलांनी हेल्मेटवर तीस सेकंदांची जाहिरात केली. विषय दारातलाच आहे. छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे कारखान्यांचं गाव. पाळी सुटली की रस्ता दुचाकींनी भरून जातो. जाहिरातीतला कामगार गाडीपाशी येतो. हेल्मेट आरशाला अडकवलेलं आहे. तेवढ्यात लेकीचा फोन येतो. तो हसतो, हेल्मेट डोक्यावर चढवतो, हनुवटीखाली पट्टा लावतो आणि निघतो. मुलांना सांगायचं आहे ते एकच: हेल्मेट नुसतं घालू नका, पट्टाही लावा. पट्टा मोकळा असेल तर धडकेच्या वेळी हेल्मेट डोक्यावर टिकत नाही.

‘सगळ्यांना आवडली, म्हणजे जमली’

आवडणं, लक्षात राहणं, कळणं आणि वागण्यात उतरणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत. एक झाली म्हणजे बाकीच्या आपोआप होत नाहीत.

चितेगावच्या लोकांना याचा दाखला लांब शोधायला नको. व्हिडिओकॉनचा कारखाना इथलाच. २००९ मध्ये कंपनीने आपलं बोधचिन्ह बदललं आणि हिरव्या ‘व्ही’सोबत चाऊ आणि माऊ नावाची दोन हिरवी अ‍ॅनिमेटेड पात्रं जाहिरातींत आणली. पुढे २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, ती कर्जाच्या ओझ्याने. त्यात त्या पात्रांचा काही दोष नव्हता. पण पात्र लोकांच्या ओळखीचं होणं आणि त्यामागचा हेतू साधणं यांतलं अंतर इथे नीट दिसतं.

२००९ मध्येच आयपीएलच्या सामन्यांमध्ये व्होडाफोनचे झूझू घराघरांत पोचले. कितीतरी लोक त्यांना अ‍ॅनिमेशन समजले. प्रत्यक्षात ती पांढऱ्या पोशाखातली माणसं होती आणि दिग्दर्शक प्रकाश वर्मा यांनी ते चित्रीकरण दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनमध्ये केलं होतं. म्हणजे ‘अ‍ॅनिमेशन मस्त आहे’ असं प्रेक्षक म्हणतो, तेव्हा तो तंत्राची परीक्षा करत नसतो. आपल्याला मजा आली एवढंच तो सांगत असतो. तंत्राचे गुण त्या वाक्यावरून देऊ नयेत.

हेल्मेटच्या जाहिरातीला ‘एक नंबर’ म्हणणाऱ्याला म्हणूनच पुढचा प्रश्न विचारायला हवा: यात काय घडलं ते सांगा बरं. उत्तर ‘घरून फोन आला म्हणून तो खूश झाला’ असं आलं, तर लेकीचा फोन पोचला आणि पट्टा राहून गेला. जाहिरात आवडली आहे आणि तिचं काम मात्र झालेलं नाही.

‘जितके जास्त अभिप्राय, तितका निष्कर्ष पक्का’

प्रश्नावलीची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची आणि दोनशे उत्तरं आली की समाधान मानायचं, ही रीत आता सगळीकडे आहे. पण उत्तर देतं कोण? मामा, मावशी, वर्गमित्र, शेजारच्या ताई.

संख्येचा हा भ्रम किती महागात पडतो, ते अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने १९३६ मध्ये दाखवून दिलं. अध्यक्षीय निवडणुकीआधी त्यांनी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या आणि वीस लाखांहून अधिक परत आल्या. त्यांवरून रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असं भाकीत केलं. निकालात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. नावं टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतलेली, शिवाय उत्तर पाठवण्याची हौस एका बाजूच्या लोकांना जास्त. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान पण विचारपूर्वक निवडलेल्या नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला.

आपल्या जाहिरातीचा प्रेक्षक कोण? पाळी संपवून घरी निघालेला दुचाकीस्वार. औद्योगिक पट्ट्यात त्याची बोली मराठीच असेल असं नाही. कामासाठी उत्तरेकडून आलेले कितीतरी जण तिथे आहेत आणि त्यांना मराठी पाटी वाचता येईलच असं धरता येत नाही. अशा दहा जणांना चहाच्या टपरीवर गाठून जाहिरात दाखवली, तर जे कळेल ते दोनशे नातेवाइकांकडून कळणार नाही. भर उन्हात मोबाइलचा पडदा नीट दिसत नाही, ट्रकच्या आवाजात संवाद ऐकू येत नाही आणि पट्ट्याची ‘टक्’ तर अजिबातच नाही. मुलांनी संगणकासमोर हेडफोन लावून केलेली जाहिरात तिच्या खऱ्या जागी कशी दिसते, हे तिथे उभं राहिल्यावरच समजतं.

सरासरी

दहा जणांनी पाचपैकी तीन गुण दिले तरी सरासरी तीन येते. पाच जणांनी पाच आणि पाच जणांनी एक दिला तरी तीनच. पहिल्या जाहिरातीने कोणालाच हलवलेलं नाही, दुसरीने निम्म्यांना जिंकलं आणि निम्म्यांना दुखावलं. गुण कसे विखुरले आहेत ते मांडल्याशिवाय सरासरी लिहू नये.

‘का आवडली, ते प्रेक्षकालाच विचारा’

हा सगळ्यात खोलवर मुरलेला गैरसमज आहे, कारण तो ऐकायला अगदी सरळ वाटतो. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात एका प्रयोगाचं वर्णन केलं आहे. दुकानात पायमोज्यांचे चार जोड मांडले आणि सर्वांत चांगला कोणता ते गिऱ्हाइकांना विचारलं. चारही जोड हुबेहूब सारखे होते. तरीही उजव्या टोकाचा जोड सर्वाधिक लोकांनी निवडला. कारण विचारल्यावर कोणी वीण सांगितली, कोणी पोत. जागेमुळे निवडला असं आपणहून कोणीच म्हणालं नाही. माणसं खोटं बोलत नव्हती. आपल्या निवडीचं कारण त्यांनाच ठाऊक नव्हतं.

त्यामुळे ‘संगीत बदला’, ‘रंग भडक करा’ असे सल्ले आले की मुलांनी लगेच फाइल उघडून बदल करत सुटू नये. सल्ल्यामागची अडचण शोधावी. ‘संगीत बदला’ म्हणणाऱ्याला कदाचित मधले आठ सेकंद कंटाळवाणे झाले असतील. प्रेक्षकाला जे खटकलं ते जवळजवळ नेहमी खरं असतं; त्यावरचा उपाय मात्र करणाऱ्याने शोधायचा असतो.

त्यापेक्षा भरवशाची गोष्ट म्हणजे प्रेक्षकाचे डोळे. १९६९ मध्ये ‘सेसमी स्ट्रीट’ ही मुलांची मालिका सुरू होण्याआधी एडवर्ड पामर यांनी एक साधी युक्ती केली. टीव्हीशेजारी दुसरा पडदा ठेवला आणि त्यावर काही सेकंदांनी बदलणारी चित्रं दाखवली. मूल टीव्ही सोडून तिकडे कधी वळतं, याची नोंद केली. रस्त्यावरच्या दृश्यांत खरी माणसं आणि बाहुल्या एकत्र आणू नका, मुलं गोंधळतील, असा तज्ज्ञांचा सल्ला होता. चाचणीत उलटंच दिसलं: बाहुल्या नसलेल्या त्या दृश्यांत मुलांचं लक्ष उडत होतं. मग दोघांना एकत्र आणलं आणि ‘बिग बर्ड’सारखी पात्रं रस्त्यावर आली. प्रेक्षकांना केवळ निरखून तज्ज्ञांचं मत मागे पडलं, याचं हे उत्तम उदाहरण आहे.

आपल्याकडे निरखण्याची गरज अधिकच आहे. मुलांनी काही केलं की त्यांचं कौतुक करायचं ही आपली रीत आहे आणि ती चांगलीच आहे. पण समोर बसलेल्या मुलीला ‘काही कळलं नाही गं’ असं कोण सांगणार? म्हणून जिने जाहिरात केली तिने प्रश्न विचारू नयेत, वर्गातल्या दुसऱ्या कोणीतरी विचारावेत. ‘आवडली का?’ हा प्रश्न वगळावा. ‘काय दिसलं?’, ‘तो माणूस का थांबला?’, ‘शेवटी त्याने काय केलं?’ एवढे तीन पुरेत. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला जाहिरात पुन्हा न दाखवता काय आठवतं ते विचारावं; जाहिरात क्षेत्रात ही दुसऱ्या दिवशीची परीक्षा जुनी आहे.

‘आधी पूर्ण करू, मग दाखवू’

तीस सेकंदांचं अ‍ॅनिमेशन म्हणजे सेकंदाला २४ चौकटींच्या हिशेबाने ७२० चौकटी. दोन-दोन चौकटींना एक चित्र वापरलं तरी ३६० चित्रं. एवढं झाल्यावर पट्टा दिसतच नाही असं कळलं, तर बदलायला ना वेळ उरतो ना उमेद, आणि मग अहवालात सगळ्यांना सगळं आवडतं.

अभिप्रायाची खरी वेळ कच्च्या आराखड्याची आहे: चित्रपट्टी हाती आल्यावर, किंवा त्या साध्या रेखाचित्रांना आवाज लावून वेळेत बसवल्यावर. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी मटाराच्या रोपाची वाढ चौकटीमागून चौकट टिपली, ती छोटी फिल्म निवडक माणसांना दाखवली आणि त्यातून भांडवल उभं राहायला मदत झाली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला युनिसेफसाठी राम मोहन यांनी ‘मीना’ घडवली, तेव्हा तिची रेखाटनं भारत, बांगलादेश, पाकिस्तान आणि नेपाळमधल्या लोकांना दाखवून त्यांची मतं घेतली गेली. चारही देशांतल्या घरांना ती आपली वाटावी, म्हणून तिचं रूप आणि पोशाख त्या मतांनुसार ठरत गेला. मोठ्या संस्थेचा पैसा तिथे होता हे खरं. पण कागदावरचं चित्र लोकांपुढे धरायला पैसा लागत नाही.

आपल्या हेल्मेटवाल्या मुलांनी कच्ची रेखाचित्रं घेऊन टपरी गाठली असती, तर पट्ट्याचं दृश्य दूरच्या चौकटीत हरवतंय हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असतं. हनुवटीचं जवळचं दृश्य, पट्ट्याला वेगळा रंग, फोन दोन सेकंदांनी लहान. मोजक्या चित्रांत काम झालं असतं.

मूल्यमापनाच्या प्रकरणात मग लिहायला भरपूर असतं. जाहिरातीने काय साधायचं होतं, कोणाला दाखवली, कुठे, किती जणांनी पट्ट्याचा उल्लेख आपणहून केला, बदलानंतर नव्या प्रेक्षकांपैकी किती जणांनी केला, कोणती सूचना नाकारली आणि का. परीक्षकांनाही विनंती आहे: ‘दहापैकी सात जणांना संदेश कळला नाही, म्हणून हे दृश्य बदललं’ असं एखाद्या मुलीने प्रामाणिकपणे लिहिलं असेल, तर तिचे गुण कापू नका. त्या पानासाठी वेगळे गुण ठेवा आणि ते मुलांना प्रकल्प सुरू होतानाच सांगा.