सह्याद्रीतील पदभ्रमण : वाटाड्यासह की स्वबळावर?

सह्याद्रीच्या डोंगररांगांतून दोन-तीन दिवसांचे पदभ्रमण करण्याची आवड महाराष्ट्रात चांगलीच रुजली आहे. पावसाळा सरला की शाळा-महाविद्यालयांची पथके, युवक मंडळे आणि हौशी मित्रमंडळी दुर्गांच्या वाटेला लागतात. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत राजगड व रायगडही आहेत. अशा मोहिमेवर निघणाऱ्या प्रत्येक गटापुढे पहिला प्रश्न येतो तो हा, की सोबत वाटाड्या घ्यावा की आपले आपण जावे? बहुधा हा प्रश्न खर्चाच्या किंवा धाडसाच्या हिशेबाने सोडविला जातो. वस्तुतः त्याचे उत्तर वाटेचे स्वरूप आणि गटाची तयारी या दोन गोष्टींवरून ठरले पाहिजे.

एकाच मोहिमेची दोन रूपे

राजगड-तोरणा-रायगड ही प्रसिद्ध मोहीम या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरून डोंगराच्या धारेने तोरण्याच्या बुधला माचीकडे जाता येते. या टप्प्यात दोन्ही गड बराच काळ दृष्टीच्या टप्प्यात राहतात, वाट पुष्कळांच्या पायाखालची आहे आणि दिवसभराच्या चालीत मुक्काम गाठता येतो. निरभ्र हवेत, पुरेसे पाणी बरोबर घेऊन निघालेल्या अनुभवी गटाला हा टप्पा स्वबळावर पार करता येतो.

तोरण्यापुढे मात्र चित्र पालटते. मोहरी-सिंगापूरच्या बाजूने घाटमाथ्यावर येऊन तेथून एखाद्या नाळेने कोकणात उतरावे लागते. घाटमाथ्यावर गुरांच्या पायांनी पडलेल्या ढोरवाटा असंख्य. त्यांतील नेमकी कोणती नाळेच्या मुखाशी जाते, हे नवख्याला ओळखता येत नाही. कारवीच्या दाट रानात चार पावलांपलीकडचे दिसत नाही. चुकीच्या घळीत उतरलेला गट खाली कातळकड्याशी येऊन थांबतो. घसाऱ्यावरून परत वर चढणे उतरण्याहून कठीण, आणि तोवर दिवस मावळतीला आलेला असतो. म्हणून पहिला टप्पा स्वतः चालणाऱ्या गटानेही पुढच्या टप्प्यासाठी घाटमाथ्यावरच्या गावातून वाटाड्या घेणे शहाणपणाचे ठरते. संपूर्ण मोहिमेसाठी एकच निर्णय घेण्याऐवजी टप्प्याटप्प्याने विचार करावा, हाच यातील बोध होय.

नकाशाची मर्यादा

हाती नकाशा असला म्हणजे वाटाड्याची गरज उरत नाही, असा एक समज आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांत समोच्च रेषांमधील अंतर सर्वसाधारणपणे २० मीटरांचे असते. याचा अर्थ असा, की पंधरा मीटरांचा उभा कातळ दोन रेषांच्या दरम्यान लपून राहू शकतो. भ्रमणध्वनीवरील नकाशा आपण कोठे आहोत हे सांगतो. परंतु गेल्या पावसाळ्यात दरड कोसळून वाट मोडली आहे, अमुक टाक्यातले पाणी फेब्रुवारीतच आटते किंवा त्या कड्याला आग्या मोहोळे लागलेली आहेत, हे तो सांगत नाही. ही माहिती त्या रानात रोज वावरणाऱ्या माणसाजवळच असते.

स्वबळावर कोणी जावे?

पुढील चार प्रश्नांची उत्तरे निःशंकपणे देता येत असतील, तरच गटाने वाटाड्याविना निघावे. गटातील किमान दोघांनी ती वाट पूर्वी, त्याच ऋतूत पार केली आहे काय? पुढचे खात्रीचे पाणी कोठे आहे आणि ते न मिळाल्यास काय करायचे, हे ठरले आहे काय? प्रत्येक टप्प्यावरून सुरक्षितपणे माघार कोठून घ्यायची, हे ठाऊक आहे काय? एखाद्याचा पाय मोडला, तर त्याला उचलून जवळच्या वस्तीपर्यंत नेण्याइतकी माणसे व साधने आहेत काय? नाळेत भ्रमणध्वनीचा संपर्क मिळेलच असा भरवसा नसल्यामुळे शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे.

स्वतंत्र भ्रमणाचे मोल कमी नाही. दिशा ओळखणे, वेळेचा अंदाज बांधणे आणि निर्णयाची जबाबदारी घेणे हे गुण त्यातूनच अंगी बाणतात. मात्र ते पायरीपायरीने शिकण्याचे आहेत. आज वाटाड्यामागून डोळसपणे चाललेला गटच उद्या स्वबळावर चालू शकेल.

वाटाड्या आणि गटप्रमुख

वाटाड्या सोबत आहे म्हणून गटप्रमुखाची जबाबदारी संपत नाही. वाटाड्याला वाट ठाऊक असते. कोणत्या मुलाला दमा आहे, कोणाची दमछाक झाली आहे, हे ठाऊक असणे शिक्षकाचे काम. उशीर झाला असता परत फिरण्याचा निर्णयही, वाटाड्याचा सल्ला घेऊन, गटप्रमुखानेच घ्यावयाचा असतो. विद्यार्थ्यांचे पथक नेताना अनोळखी वाटेवर वाटाड्या घ्यावाच; तेथे खर्चाचा विचार दुय्यम मानला पाहिजे. व्यावसायिक आयोजकामार्फत जावयाचे असल्यास तो राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीकृत आहे काय, हे आधी पाहावे. मार्ग अभयारण्यातून जात असेल तर वन विभागाची परवानगी घ्यावी.

ग्रामपंचायतींचे कार्य

या कामी घाटमाथ्यावरील व तळकोकणातील ग्रामपंचायतींना मोलाचा वाटा उचलता येईल. गावातील जाणत्या वाटाड्यांची यादी तयार करून ती पंचायतीच्या फलकावर लावावी, त्यांचा दररोजचा मेहनताना ठरवून द्यावा, त्यांना प्रथमोपचाराचे शिक्षण मिळवून द्यावे आणि डोंगरात जाणाऱ्या प्रत्येक गटाची नोंद वहीत ठेवावी. कोण, कोणत्या वाटेने, केव्हा गेले आणि केव्हा उतरणार, एवढ्या चार ओळी लिहिलेल्या असल्या, तरी शोधकार्याचे अनेक तास वाचतात. यातून गावातील तरुणांना हिवाळ्याच्या हंगामात रोजगार मिळेल, आणि वडीलधाऱ्यांजवळचे रानवाटांचे ज्ञान पुढच्या पिढीकडे जाईल.

निघण्यापूर्वी घरच्यांना व पायथ्याच्या गावाला आपला मार्ग कळविणे, हा नियम मात्र दोन्ही प्रकारच्या भ्रमणांना सारखाच लागू आहे.