‘जाम’ झालेली क्विल : क्रियापद आणि निदान

मिलिंग यंत्राच्या डोक्यातील ‘क्विल’ म्हणजे एक पोकळ नळकांडे. फिरणारा स्पिंडल तिच्या पोटात असतो. ती स्वतः फिरत नाही, हातदांड्याने केवळ खालीवर सरकते. पिसाच्या पोकळ दांड्याचे इंग्रजी नाव तिला मिळाले ते या पोकळपणामुळेच असावे. आपल्या विणकरांची कांडी ही तिची दूरची बहीण मानता येईल.

चांदीपचा कारागीर असो वा वालीवचा, क्विल सरकेनाशी झाली की तो बहुधा ‘जाम झाली’ एवढेच म्हणतो. शब्द सोयीचा खरा, परंतु निदानास अपुरा. ‘जाम म्हणजे कशी?’ असे विचारावे, म्हणजे नेमके क्रियापद बाहेर येते.

सर्वत्र सारखीच ‘जड चालते’, असे उत्तर आल्यास यंत्र बंद करून क्विलचे लॉक अर्धवट आवळलेले नाही ना, सूक्ष्म गतीची जोडणी सुटली आहे ना, हे आधी पाहावे. रात्रभर उभी राहून ‘चिकटते’ आणि चार वेळा हलविल्यावर सुटते, तर जुने तेल गोंदासारखे झालेले असते. ते धुऊन पातळ स्पिंडल तेल द्यावे. (ग्रीस भरणे ही चूक होय, त्यात धातूचा कीस धरून राहतो.) एकाच जागी ‘अडते’, तर तेथे पृष्ठावर कड उठलेली असण्याचा संभव अधिक. लॉक अतिरिक्त आवळल्यानेही ती उठते. तेलदगडाने तेवढा उंचवटाच घासावा. पॉलिश कागद सर्वत्र फिरविणाऱ्याची क्विल हलकी चालू लागते खरी, परंतु ती बसण्यात ढिली होते आणि यंत्राची अचूकता कायमची जाते.

सहज उतरते पण ‘परतत नाही’, तर परतीची स्प्रिंग तपासावी. मात्र तिचे झाकण उघडताना ताणलेली स्प्रिंग झटक्याने सुटून हातास इजा करते.