चित्रपटांतील वीरांच्या चिमुकल्या मूर्ती

पोळ्यास घरोघरी मातीचे बैल होतात. एखाद्याचे शिंग वाकडे निघाले तरी कोणी हरकत घेत नाही. बैल तो बैलच. परंतु अमुक एका मनुष्याचीच मूर्ती करावयास बसले म्हणजे प्रसंग निराळा येतो. 'तान्हाजी' या २०२० सालच्या चित्रपटातील नायकाची मूर्ती आम्ही काही विद्यार्थ्यांनी मिळून घडविली, तेव्हा आमच्यापैकी एकाच्या आजीने ती हाती घेऊन विचारले, "अरे, हा कोण फौजदार म्हणायचा?" पागोटे होते, मिशा होत्या, ढाल-तलवारही होती, तान्हाजी तेवढा नव्हता. चूक कोठे झाली हे शोधताना जे समजले, ते वाचकांपुढे ठेवितो.

आमची मूर्ती ९० मिलिमीटर उंचीची होती. मनुष्याची उंची सामान्यतः त्याच्या मस्तकाच्या साडेसातपट धरितात. म्हणजे मस्तकाच्या वाट्यास अवघे १२ मिलिमीटर आले. खरे मस्तक सुमारे २२ सेंटिमीटर असते. तेव्हा मूर्तीचे नाक १ मिलिमीटरने लांबले, तर खऱ्या माणसाच्या नाकास जवळजवळ दोन सेंटिमीटर जोडल्यासारखे होते! डोळ्यांचीही हीच गत. ते मस्तकाच्या मध्यावर असतात. नवशिका मात्र पागोट्याखालची कवटी विसरतो आणि डोळे वर चढवितो.

प्रथम आम्ही कुंडलिकेकाठची काळी माती घेतली. ती वाळताना फार आकसते, आणि मान सर्वांत बारीक असल्याने तडा तेथेच जातो. मूर्तिकार मातीत कापूस कुटून घालतात खरे, पण एवढ्याशा चेहऱ्यावर कापसाचे तंतू दाढीच्या खुंटांसारखे उभे राहतात. शेवटी तांब्याच्या तारेचा सांगाडा पिळून त्यावर एम-सील चढविले. त्याचे दोन भाग सारखे घेऊन एकरंग होईपर्यंत मळावे लागतात, आणि लांबी लवकरच घट्ट होऊ लागते; म्हणून एका वेळी एकच अवयव करावा. काम संपताच हात साबणाने स्वच्छ धुवावे. हत्यारे म्हणाल तर एक सुई व बाभळीचा काटा.

चेहऱ्यासाठी चित्रपट समोरून, बाजूने व तिरपा अशा तीन ठिकाणी थांबवून पाहावा. चित्रात प्रकाश ज्या बाजूने येतो त्याच बाजूस मूर्तीजवळ दिवा ठेवावा, म्हणजे सावल्या ताडून पाहता येतात. मूर्ती आरशात पाहिली की वाकडा जबडा तत्काळ उघडा पडतो. आमचा तर पाहवेना.

मुख्य चूक मात्र क्रमाची होती. आम्ही आधी मिशा लाविल्या आणि मग त्यांच्यामागे चेहरा बसविला! येथे एक जुनी गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९२३ साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी 'सिंहगड' हा मूकपट काढिला. ते स्वतः शिल्पकारही होते. त्यात शेलारमामांची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. कथेतले शेलारमामा ऐंशीचे, आणि हा नट जेमतेम बाविशीचा! त्या शेलारमामांची मूर्ती करणाऱ्याने प्रथम तरुणाची हाडे घडवावीत, मगच वरून म्हातारपण चढवावे. २०२० च्या चित्रपटात तीच भूमिका शशांक शेंडे यांची आहे. तेथे हाडे निराळी. आम्हीही मिशा खरवडून अजय देवगण यांचा जबडा व कपाळ आधी केले. या खेपेस आजी म्हणाल्या, "हा त्या शिनेमातला दिसतो खरा."

यावर कोणी म्हणेल, ही नटाची मूर्ती झाली, तान्हाजींची नव्हे. आक्षेप आम्हांस मान्य आहे. म्हणूनच बैठकीच्या तळाशी आम्ही चित्रपटाचे नाव व साल कोरतो.

आता आमच्याच जिल्ह्यातील असईचा विषय हाती घेतला आहे. तेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी वेलस्लीची लढाई झाली. शिंद्यांच्या कवायती पलटणीतील एक शिपाई करावयाचा आहे, आणि यावेळी कोणा नटाचा चेहरा समोर ठेवावयाचा नाही. जालन्याच्या आठवडी बाजारात एका गृहस्थांचे नाक आम्हांस फार पसंत पडले आहे. त्यांस विचारावे कसे, एवढाच प्रश्न उरला आहे.