कल्याणीतील फिर्याद



बसवकल्याणचे नाव निघाले की महात्मा बसवेश्वर आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्याही आधी, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (इ.स. १०७६ ते ११२६) याच्या काळात, याच कल्याणीत विज्ञानेश्वरांनी याज्ञवल्क्य स्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. कलबुर्गी जिल्ह्यातील मरतूर हे त्यांचे गाव मानले जाते. वकील मंडळी हा ग्रंथ वारसाहक्कासाठी ओळखतात. त्यातील व्यवहाराध्याय मात्र कोर्टात फिर्याद कशी मांडावी आणि तिला उत्तर कसे द्यावे, हे शिकवतो.

'व्यवहार' या शब्दाचीही गंमत आहे. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत व्यवहार म्हणजे वागणूक, मराठीत देणेघेणे, आणि स्मृतीत चक्क खटला! उत्तरेत काही राज्यांत दिवाणी कोर्टाला आजही 'व्यवहार न्यायालय' म्हणतात.

खटल्याचे चार पाय सांगितले आहेत : फिर्याद, उत्तर, पुरावा आणि निर्णय. वादीचे म्हणणे प्रतिवादीच्या समोर लिहून घ्यायचे, त्यात वर्ष, महिना, पक्ष, तिथी, नावे सर्व हवे. आधी फळीवर खडूने कच्चे लिहायचे, दुरुस्त करायचे, मग पक्के करायचे. समोरच्याचे उत्तर आले की फिर्यादीत बदल बंद.

कोणती फिर्याद घेऊ नये, याची उदाहरणे मुलांना फार आवडतील. 'माझे सशाचे शिंग याने नेले', 'माझ्या घरच्या दिव्याच्या उजेडात हा आपल्या घरात कामे करतो', 'मुक्याने मला शिवी दिली', 'शेजारी देवदत्त गोड आवाजात अभ्यास करतो'. शेवटची तक्रार आमच्याकडे अजून एकाही शेजाऱ्याने आणलेली नाही!

उत्तराचे प्रकार चारच. समजा शंभर रुपयांच्या कर्जाचा दावा आहे. 'हे खोटे आहे' म्हटले तर पुरावा वादीने द्यायचा. 'खरे आहे' म्हटले तर वादच मिटला. 'घेतले होते, पण फेडले' म्हटले, की पुराव्याचे ओझे प्रतिवादीवर आले. 'याच बाबतीत हा माझ्याशी पूर्वी हरला आहे' म्हटले, तर जुने जयपत्र दाखवायचे. पुरावा म्हणजे कागद, कब्जा आणि साक्षीदार. यांपैकी काहीच नसेल तरच दिव्य.

इंग्लंडमधील जुन्या कोर्टांच्या रीतीतही हाच गाभा दिसतो : नाकारा, किंवा कबूल करून सुटकेचे कारण सांगा. मात्र तेथे राजाच्या कचेरीतून ठरावीक नमुन्याचा हुकूम विकत घ्यावा लागे, आणि नमुना चुकला की खरा दावाही बुडे. वकिलांची भाषा कित्येक शतके मोडकी फ्रेंच होती, नोंदी लॅटिनमध्ये होत. सामान्य माणसाला आपल्याच खटल्यातले काही कळत नसे. १७३१ च्या कायद्याने, १७३३ पासून, कोर्टाचे कागद इंग्रजीत आले. वादी-प्रतिवादींनी लढून निकाल लावण्याची पद्धत तर कायद्याच्या पुस्तकातून १८१९ मध्ये निघाली.

पालकहो, हे आपल्यापासून दूर नाही. आपल्या भागात शेतीचे जुने कागद उर्दूत, नवे कन्नडमध्ये, आणि घरात वाचणारे मराठीत. न वाचता अंगठा किंवा सही देण्याची सवय येथूनच लागते. आजच्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही फिर्यादीतील जी गोष्ट उत्तरात स्पष्टपणे नाकारली नाही, ती सहसा कबूल धरली जाते. लेखी उत्तराची मुदत समन्स मिळाल्यापासून ३० दिवस आहे. कारण नोंदवून कोर्ट ती ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. तेव्हा समन्स आले तर ते कपाटात ठेवू नका. घरातील कन्नड शिकणाऱ्या मुलाकडून किंवा मुलीकडून ते त्याच दिवशी मोठ्याने वाचून घ्या, आणि वकिलाने लिहिलेले उत्तरही सहीपूर्वी तसेच वाचून घ्या.