मातीवांचून भाजीपाला

झाडाला माती कशासाठीं लागते, असा प्रश्न वर्गांत केला, तर बहुतेक मुलें एका स्वरानें सांगतील कीं, माती हें झाडाचें अन्न होय. हें उत्तर ऐकण्यास सरळ वाटतें, परंतु तें पुरतें खरें नाहीं. ब्रुसेल्सच्या व्हान हेल्मॉन्ट नांवाच्या विद्वानानें हें तोलून पाहिलें. त्यानें एका कुंडींत २०० पौंड वाळविलेली माती भरून तींत वाळुंजाच्या जातीचें ५ पौंडांचें रोप लाविलें व तें पांच वर्षें केवळ पाण्यावर वाढविलें. शेवटीं झाडाचें वजन १६९ पौंड भरलें, आणि माती अवघी सुमारें दोन औंस कमी झाली! त्याचा हा प्रयोग १६४८ सालीं प्रसिद्ध झाला. सगळें झाड पाण्याचेंच बनलें, असें त्यानें अनुमान काढिलें. तें मात्र चुकीचें होतें. कारण झाडाच्या शुष्क भागाचा मोठा हिस्सा पानें हवेंतील कार्बन डायऑक्साइडपासून तयार करितात, हें तेव्हां कोणास ठाऊक नव्हतें. पण ते हरवलेले दोन औंस हेंच पुढील शोधाचें बीज ठरलें.

१६९९ सालीं इंग्लंडांत जॉन वुडवर्ड यानें पुदिन्याचीं रोपें निरनिराळ्या पाण्यांत ठेविलीं. शुद्ध पाण्यापेक्षां मातीमिश्रित पाण्यांत तीं अधिक वाढलीं. पुढें १८६० च्या सुमारास जर्मनींत झाक्स व क्नोप या शास्त्रज्ञांनीं नेमके क्षार पाण्यांत विरघळवून त्यांवर झाडें वाढवून दाखविलीं. आज आपणांस ठाऊक आहे कीं, झाडास सतरा मूलतत्त्वें लागतात. त्यांपैकीं कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन हवा व पाणी यांतून मिळतात. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम, कॅल्शियम, लोह इत्यादि उरलेलीं चौदा मुळांवाटें येतात. सारांश, माती ही झाडाची कोठी व आधार आहे. कोठींतील जिन्नस दुसऱ्या रीतीनें पुरविले व रोपास आधार दिला, तर मातीवांचून चालतें.

कॅलिफोर्निया विद्यापीठांतील विल्यम गेरिक यांनीं १९२९ पासून ही गोष्ट प्रयोगशाळेबाहेर आणून पाण्यावर मोठमोठीं टोमॅटोचीं झाडें वाढविलीं. १९३७ सालीं या विद्येस 'हायड्रोपोनिक्स' हें नांव मिळालें. ग्रीक भाषेंत 'हायड्रो' म्हणजे पाणी व 'पोनोस' म्हणजे श्रम. आपल्या देशांत १९४६ च्या सुमारास शोल्टो डग्लस यांनीं बंगालमधील कालिंपोंग येथें खडी व वाळू यांवर कोरडे क्षार शिंपडण्याची स्वस्त पद्धति बसविली. ती 'बंगाल पद्धति' म्हणून प्रसिद्ध आहे.

आतां, काळ्या मातीच्या मराठवाड्यांत हा खटाटोप कशाला, असें पालक विचारतील. उत्तर एकच : पाणी. २०१२-१३ च्या दुष्काळांत जालना जिल्ह्याची काय दशा झाली, तें घरोघर ठाऊक आहे. जेथें पिण्यासाठीं टँकरची वाट पाहावी लागते, तेथें परसांतील मेथीला पाणी कोण घालणार? आणि ताटांतली हिरवी भाजी गेली, म्हणजे त्याची झळ प्रथम मुलांच्या प्रकृतीस लागते. शेतांत दिलेल्या पाण्यापैकीं पुष्कळसें जमिनींत मुरतें व उन्हानें उडून जातें. झांकलेल्या भांड्यांत तें मुळांपाशींच राहतें. अमेरिकेंतील ॲरिझोना येथील २०१५ च्या एका अभ्यासांत, एक किलो लेट्यूसची पालेभाजी पिकविण्यास शेतांत सुमारें २५० लिटर, तर या रीतीनें सुमारें २० लिटर पाणी लागतें, असा हिशेब निघाला. मात्र तेथील बंदिस्त घरें थंड व ऊबदार ठेवण्यास वीज फार लागली. आपणांस तो मार्ग नको. बिनविजेची साधी रीत पुरे आहे.

ती रीत अशी. दहा लिटरची, उजेड आंत न शिरणारी झांकणाची बादली घ्यावी. उजेड शिरला, तर शेवाळें माजतें. झांकणास दोन-तीन भोकें पाडून त्यांत जाळीदार पेले बसवावे व त्यांत धुतलेला नारळाचा भुसा भरून रोपें लावावीं. पाण्यांत घालावयाचे क्षार बाजारांत दोन वेगळ्या पुड्यांत मिळतात. दाट स्थितींत ते एकत्र करूं नयेत. कारण कॅल्शियम व सल्फेट मिळून चुनखडीसारखा सांका तळाशीं बसतो व तो झाडाच्या उपयोगीं पडत नाहीं. एका लिटरास सर्व मिळून साधारण एक-दोन ग्रॅमच क्षार पुरतात. अधिक घातल्यास मुळें पाणी ओढण्याऐवजीं गमावूं लागतात. बोअरचें पाणी बहुधा जड असतें, म्हणून पत्र्यावरून धरलेलें पावसाचें पाणी उत्तम.

आरंभीं पाणी पेल्याच्या बुडास लागेल इतकें असावें. रोप वाढतें तसें तें उतरतें, आणि मोकळ्या झालेल्या जागेंत वरचीं मुळें हवा घेतात. म्हणून बादली पुन्हां कांठोकांठ भरूं नये; मुळांनाही श्वास लागतो. पालक, मेथी, कोथिंबीर, पुदिना हीं नवशिक्यास योग्य. पालक महिना-सवा महिन्यांत तोडणीस येतो. गाजर-मुळ्याच्या वाटेस जाऊं नये. वैशाखांत पाणी तापून मुळें कुजतात, तेव्हां बादली सावलींत ठेवून तिजभोंवतीं ओलें गोणपाट गुंडाळावें. क्षार लहान मुलांच्या हातीं लागूं देऊं नयेत, आणि उरलेलें पाणी विहिरीजवळ न ओततां तुळशीस किंवा फुलझाडांस घालावें.

एक सावधगिरी मात्र हवी. दुष्काळांत तबकांत मका उगवून आठवड्यांत हिरवा चारा करण्याची रीत महाराष्ट्रांत व गोव्यांत पुष्कळांनीं केली. एक किलो मक्याचा पांच-सहा किलो चारा होतो, हें खरें. पण वाढलेलें वजन पाण्याचें असतें, शुष्क अंश उलट थोडा घटतो. चारा ओला, रुचकर व पचनास हलका होतो. परंतु शून्यांतून अन्न निर्माण होत नाहीं. भाजीचेंही तसेंच आहे. चार बादल्यांनीं शेत सुटणार नाहीं, बाजारही सुटणार नाहीं. पण आठवड्यांतून दोन वेळां ताटांत ताजी पालेभाजी येऊं शकेल.

विद्यार्थिमित्रांनो, या सुट्टींत दोन बाटल्यांस काळा कागद गुंडाळा. एकींत नुसतें पावसाचें पाणी, दुसरींत क्षारांचें पाणी भरा, व दोहींत पुदिन्याची एकेक काडी लावा. दर आठवड्यास पानें मोजून वहींत लिहा. व्हान हेल्मॉन्टच्या हरवलेल्या दोन औंसांचें मोल तुम्हांस महिन्याभरांत आपल्या डोळ्यांनीं दिसेल. आणि आईस चटणीपुरता पुदिनाही मिळेल.